तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा महिन्यांच्या घराची सजावट

बदलीच्या नोकरीमुळे मी गोव्यात भाड्याच्या घरांतच राहत आले आहे. आधी फोंड्याला आणि आता म्हापशाला. घरी जेवायला आलेले सहकारी आणि नव्याने नोकरीला लागलेली त्यांची मुले मला हमखास विचारतात, की अकरा महिन्यांनी कदाचित सोडावे लागेल अशा घराची इतकी हौस कशाला करायची, आणि त्याला खर्च तरी किती येतो.

अकरा महिने हा आकडा मालकाच्या लहरीतून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून करार अकरा महिन्यांचा करायचा आणि दर वेळी तो नव्याने लिहायचा, अशी पद्धत पडली आहे. त्यामुळे असे घर प्रत्यक्षात चार वर्षेही लाभू शकते, किंवा मालकाचा मुलगा आखातातून परतला तर पहिल्याच करारानंतर सोडावे लागते. या दोन्ही शक्यता धरून चालायचे असेल, तर माझ्या मते एकच नियम पुरतो: त्या घराच्या मापाने बेतलेली कोणतीही वस्तू विकत घ्यायची नाही.

पडद्यांचेच पाहा. दुकानदार खिडकीचे माप घेऊन पडदे शिवून देतो, ते सुरेख बसतात, आणि पुढच्या घरात वीतभर आखूड पडतात. त्याऐवजी मी घरातल्या जुन्या सुती नऊवारी साड्या वापरते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, त्यामुळे एका साडीचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात आणि दोन खिडक्या झाकल्या जातात. तुकडे खिडकीच्या मापाने न कापता दाराच्या उंचीने कापायचे, कडा तेवढ्या दुमडून शिवायच्या आणि चिमटे असलेल्या कड्यांनी ते दांडीला लावायचे. खिडकी लहान असेल तर वरचा भाग आत दुमडावा, म्हणजे तीच झालर दिसते. जुनी साडी अनेक धुण्यांनी मऊ झालेली असते, तिच्यातून ऊन गाळून येते, आणि पावसाळ्यात ती पंख्याखालीही लवकर वाळते. जाड, अस्तर लावलेला पडदा जुलैत आठवडाभर ओलसर राहतो. एखाद्या जुन्या घरात शिंपल्याच्या तावदानांची खिडकी मिळालीच, तर तिच्यावर पडदा लावूच नये. त्या तावदानांतून येणाऱ्या दुधी उजेडाला आपल्याकडून काही जोडण्याची गरज नसते.

भिंतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या असतात आणि त्यांवरचा चुन्याचा गिलावा खिळा ठोकताच खपल्यांनी सुटतो. नव्या फ्लॅटमध्ये खिळा शिरतच नाही, आणि भोक पाडण्याचे यंत्र आणले की मालकाचा चेहरा पडतो. चिकटणारे हुक आणि भिंतीला लावायचे छापील कागद मी कटाक्षाने टाळते, कारण दमट हवेत ते एक तर स्वतः गळतात किंवा काढताना रंग सोबत घेऊन येतात. यावरचा उपाय गोव्यातल्या घरांना चतुर्थीमुळे पूर्वापार ठाऊक आहे. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी ही लाकडी चौकट छताला टांगलेली असते, आणि नारळ, सुपारीचे घड, तोरिंगण, कांगले, कवंडळे असे सगळे तिला दोराने बांधलेले असते. रानातून आणि बाजारातून आणलेल्या वस्तूंनी सजावट उभी राहते आणि भिंतीला कोणी हात लावत नाही. मीदेखील खिडकीचे गज, वासे आणि आधीपासून असलेले हुक एवढ्यांवरच भागवते. दोन हुकांमधून काथ्याची दोरी ओढली की चित्रे लाकडी चिमट्यांनी लावता येतात, आणि मोठी तसबीर टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली तरी शोभते.

गोव्यात सजावटीचा खरा परीक्षक पाऊस आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. या काळात काचेच्या तसबिरीच्या मागे बुरशी धरते, चामड्याच्या वस्तूंवर पांढरी साय येते आणि भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे कुबट वास साठतो. म्हणून प्रत्येक सामान भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. सुती सतरंज्या मे अखेरीस कडक उन्हात वाळवून, गुंडाळून ठेवून द्याव्यात. वेताच्या खुर्चीवर बुरशी दिसलीच, तर पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसून उघडीप मिळताच ती उन्हात ठेवावी. पावसाळ्यात मातीची भांडी मात्र निर्धास्त असतात.

ही भांडी, बांबूच्या रोवळ्या आणि सुपे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेते. डिचोलीच्या कुंभारांचे काम गोव्यात नावाजलेले आहे. तिथली साधी लाल मडकी कुंडी म्हणूनही चालतात आणि पालथी घातली तर छोट्या दिव्याची बैठकही होतात. रोवळी रोज भाजी धुवायला वापरली आणि मग खुंटीला अडकवली, तर ती वेगळी शोभेची वस्तू लागतच नाही. (पर्यटकांच्या दुकानांत हीच रोवळी रंगवून, गोंडे लावून ठेवलेली असते; ती घेऊ नये.) लाकडी फर्निचरासाठी एप्रिल-मे महिने बरे, कारण पावसाच्या आधी गोवा सोडून जाणारे लोक टेबल-खुर्च्या मिळेल त्या भावाने काढून टाकतात.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगते: दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब संध्याकाळी बंद ठेवावी आणि २,७०० केल्विनचा पिवळसर एलईडी दिवा कोपऱ्यात खाली लावावा. या बदलाएवढा स्वस्त बदल दुसरा नाही.

आता खर्च. साड्या घरच्या असल्याने कड्या, दोरी, मडकी, रोवळ्या, दोन दिवे आणि कुंड्यांची माती एवढे सगळे मिळून तीन-चार हजारांत बसते. कपाट किंवा टेबल जुने घेतले तर तेवढेच वाढतात. घर बदलताना यातले बहुतेक सामान एका छोट्या टेंपोत मावते, झाडे शेजाऱ्यांना देता येतात. मालकाचे पडदे आणि काढलेली ट्यूब एका खोक्यात, वर नाव लिहून, माळ्यावर ठेवावी. राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी, सामान लावण्याआधी, प्रत्येक भिंतीचे फोनवर छायाचित्र काढून मालकाला पाठवून द्यावे, म्हणजे अनामत रक्कम परत घेताना जुन्या भोकांचा हिशेब आपल्या माथी येत नाही.