दोन गेजमधला फरक

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका मुतखड्याच्या सोनोग्राफीसाठी मिरजेत माझ्याकडे आले होते. खडा निघाला, लहानसाच. पण प्रोब वर सरकवला आणि मी थांबले. लिव्हर खडबडीत, प्लीहा वाढून 16 सेंटिमीटर, पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणारी शीर 14 मिलिमीटर रुंद आणि डॉपलरवर तिच्यातला प्रवाह मंदावलेला.

"काका, दारू घेता?"

काकूच पुढे झाल्या. "माळकरी हायत ते. थेंब न्हाई."

मधुमेह मात्र जुना होता. त्यानंही लिव्हरमध्ये चरबी साठते आणि पुढे ते कडक होतं. हे अजून गावात पोचलेलं नाही. न पिणाऱ्याला उगाच बोल लागतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन 28 किलोपास्कल आला. 25 च्या वर गेला, की पोर्टल व्हेनमधला दाब धोक्याचा धरतात. मी सांगू लागले: आतड्यांकडून येणारं रक्त लिव्हरमधून पुढं जातं, लिव्हर कडक झालं की ते मागं तुंबतं.

"म्हंजे ड्रिपचा सँड फिल्टर चोंदला," काका म्हणाले. "अलीकडं एक प्रेशर गेज, पलीकडं एक. फरक वाढला की बॅकवॉश मारायचा."

मी बघतच राहिले. दाब मोजतातही तसाच. मानेच्या शिरेतून नळी लिव्हरच्या शिरेत नेऊन, फुग्यानं शीर बंद करून एकदा दाब घेतात आणि मोकळी ठेवून एकदा. फरक 5 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ठीक. 10 पासून अन्ननलिकेतल्या शिरा फुगण्याचा धोका, 12 पासून त्या फुटण्याचा. पण ही तपासणी मोजक्या ठिकाणीच होते. म्हणून सीटी स्कॅनवरून शिरांचा आकार उभा करून आणि प्रवाहाचा वेग घालून संगणकावर हाच फरक काढण्याचं संशोधन चालू आहे.

"ड्रिपचा इंजिनिअर पाइपाची जाडी, लांबी बघून कागदावरच प्रेशर काढतोय की!"

अगदी तेच. फक्त पाइप फुगत नाही, शीर फुगते. गणित तिथं अवघड होतं.

"मग आमचा फिल्टर धुता येईल?"

"नाही, काका."

ते जरा वेळ गप्प बसले. "मग मोटरचा जोर कमी करायचा."

कार्व्हेडिलॉलची गोळी लिव्हरकडे येणारं रक्त कमी करते. एंडोस्कोपीत शिरा फुगलेल्या दिसल्या, फुटलेल्या नव्हत्या. गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.