आजोबांचा घडीचा चाकू

घर, जमीन, दागिने यांची रीतसर वाटणी होते आणि तिचे कागदही होतात. खिशातल्या चाकूची आठवण मात्र मृत्युपत्र करताना सहसा कोणाला होत नाही. आजोबांचा घडीचा चाकू असाच काहीही लिहून न ठेवता वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे आला. विकायला काढला तर त्याला फारशी किंमत येणार नाही, पण माझ्या मालकीच्या सगळ्या वस्तूंत मी त्यालाच सर्वांत जास्त जपतो.

त्याचे कारण त्याच्या पात्यावर दिसते. दगडावर धार लावताना दर वेळी पोलादाचा बारीकसा अंश झिजून जातो, आणि वर्षानुवर्षे वापरलेले पाते त्यामुळे अरुंद होत जाते. आमच्या चाकूचे पाते मधोमध आत गेले आहे, टोकाशी मात्र मूळची रुंदी बरीचशी शिल्लक आहे. शिवाय धारेचा उतार एका अंगाला जरा जास्त रुंद आहे. आजोबांचा हात दगडावर कसा चालत असेल, जोर कुठे पडत असेल, हे त्यावरून मला कळते. त्यांचे छायाचित्र आमच्याकडे आहे, पण त्यात ते छायाचित्रासाठी बसले आहेत; पात्यावर ते काम करताना भेटतात.

पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअरली या धातुतज्ज्ञांनी १९१३ साली क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढे घरोघरच्या सुऱ्या-चाकूंत तेच रुळले. कार्बन पोलादावर मात्र फळांतल्या आम्लाने करडा-निळसर थर चढतो. हा थर म्हणजे लोखंड खाणारा तांबूस गंज नव्हे, उलट तो त्या गंजाला थोडाफार अटकाव करतो. पाते घासूनपुसून नव्यासारखे लखलखीत करून द्यायची तयारी काहींनी आपुलकीने दाखवली, पण मी ठाम नकार दिला, कारण त्या थरात किती वर्षांची फळे मुरली आहेत हे त्यांना कसे दिसावे?

चाकू काचेच्या कपाटात ठेवणेही मला पटत नाही. फळ चिरणे, पार्सलची दोरी कापणे, पेन्सिलीला टोक काढणे ही कामे मी त्यानेच करतो, मग पाते कोरडे पुसून ते ज्यावर फिरते त्या खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडतो. चामड्याच्या म्यानात तो कायमचा राहू देत नाही. चामडे ओलावा धरून ठेवते आणि पाते आतल्या आत गंजते. (विमानप्रवासात तो हातातल्या सामानात नेता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरता घरी राहतो.) पाते मिटताना पाठीची स्प्रिंग ते ओढून घेते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. तो आवाज झाला की आजोबांचे काम आटोपले, असे वडील शेजारच्या खोलीतून ओळखत.

आता माझी मुलगी धार लावायला शिकते आहे. तिच्या हातून पाते दगडावर माझ्यापेक्षा थोडे उभे धरले जाते आणि धारेलगत एक नवी, बारीक चकचकीत रेघ उमटू लागली आहे. मी तिचा कोन दुरुस्त करत नाही. चाकू पुढे तिचाच होणार आहे, तेव्हा तिचा हातही त्या पात्यावर उतरावा असे मला मनापासून वाटते.