पाचशे रुपयांचं चलन आणि चार आकडे

पैसे माझे, चूक माझी, उघडं डोकंही माझंच. हेल्मेट नव्हतं म्हणून झालेल्या दंडाच्या पावतीवर नाव मात्र काकांचं. झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपये देऊन प्रिंट काढली, घरी येईपर्यंत तीन वेळा वाचली. गाडीचा नंबर आहे, तारीख आहे, मालकाचं नाव आहे. गाडी कोण चालवत होतं, ते कुठेच नाही. तसा रकानाच नाही.

जुलैमधली गोष्ट. आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. मला अठरा पूर्ण झालेली आणि लायसन्स मार्चमध्ये हातात आलेलं. गाडी काकांची. त्यांनी ती २०१६ साली डोंबिवलीत घेतली, मग तिकडे लावायला जागा नाही म्हणून रेल्वेच्या पार्सलने कुडाळला पाठवली. नंबर अजून एमएच ०५ चाच. नावावर करून घ्यायचं काम दर वर्षी गणपतीत काका आले की करणार असतो आणि दर वर्षी विसर्जन होतं.

हेल्मेट होतं. पण पावसात त्याच्या आतल्या कापडाला बुरशी धरते, आणि तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. त्या दिवशी ते पडवीतल्या खुंटीवरच राहिलं. कॉलेजच्या ॲडमिशनचे कागद घेऊन मी निघालो आणि कसालला हायवेवर पोलीस दिसले. मला कोणी थांबवलं नाही. एकाने मोबाईल वर धरला होता. मला वाटलं, मेसेज बघतोय.

तिसऱ्या दिवशी चलनाचा मेसेज गेला डोंबिवलीला. गाडी ज्याच्या नावावर, मोबाईल नंबर त्याचा, मेसेजही त्यालाच. काकांनी पहिला दिवस तो उघडलाच नाही, कारण चलनाच्या नावाने फाईल पाठवून फोन हॅक करणारे मेसेज त्यांच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज येतात. (हे मात्र त्यांनी बरोबर केलं. चलनाच्या मेसेजबरोबर फाईल डाउनलोड करायला सांगितलं असेल तर हात लावू नका. खऱ्या साईटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं.) मग साईटवर जाऊन बघितलं आणि बाबांना फोन लावला. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"गाडयेर कोण होतो? बारक्यान गाडी काढल्यान काय?"

बारको म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय सोळा. फोटो पाठीमागून काढलेला. त्यात नंबर प्लेट स्वच्छ, बाकी रेनकोटची टोपी मागे पडलेली आणि निळा टी-शर्ट. तो टी-शर्ट आम्ही दोघेही घालतो, जो आधी उठेल त्याचा.

काकांचा आवाज का चढला होता ते नंतर समजलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, त्यात अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द होतं आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे चलन पाचशेचं असलं तरी काकांच्या डोळ्यापुढे पंचवीस हजार आणि कोर्ट. बाबांनी धाकट्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तो "मी नाय, मी नाय" म्हणत राहिला. मी पंपावर पाय धूत होतो. दहा पावलांवर. आणि मी गप्प राहिलो.

माझा हिशोब असा होता की दंड गुपचूप भरून टाकू आणि मग सांगू. भरलेली पावती हातात असली की सांगणं सोपं जातं. पैसे होते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला गेलो होतो, त्यातले. तेव्हा रात्री जेवण झाल्यावर साईट उघडली, गाडीचा नंबर टाकला. खाली दुसरा चौकोन. चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे.

आरसी बुक काकांकडे. चलन नंबर काकांच्या मेसेजमध्ये. डिजिलॉकर काकांचं. मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून बघितलं तर मालकाच्या नावातसुद्धा अर्ध्या फुल्या. काकांना विचारलं तर पहिला प्रश्न येणार, तुला कशाला हवेत.

म्हटलं, नंबर गाडीवरच कोरलेला असतो, घेऊ वाचून.

जे समुद्रापासून लांब राहतात त्यांच्यासाठी सांगतो. इथे गाडी पाच वर्षं जुनी झाली की खालून ती गाडी राहत नाही, गंजाचा पापड होतो. खारी हवा, वर चार महिने पाऊस, रस्त्यावर उडणारा चिखल. सकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. पाय ठेवतो त्याच्या खाली, आत सांगाड्यावर नंबराची जागा सापडली, पण नंबर नव्हता. तांबूस खपल्या होत्या. जुन्या टूथब्रशने घासल्या. खोबरेल तेल लावून ठेवलं. मग शेजारच्या होडीवाल्याकडून वाटीभर डिझेल आणलं आणि चिंधी भिजवून तासभर दाबून धरली. तोंडावर थेंब पडत होते, मान अवघडली होती, आणि आजी पडवीतून विचारत होती, "काय रे, गाडयेक काय झाला?" मी म्हटलं, सर्व्हिसिंग करतोय.

दुपारपर्यंत सतरा अक्षरांतली अकरा-बारा दिसायला लागली. नेमकी शेवटची खोलगट भागात, जिथे पाणी साठतं. म्हणून गाडी ढकलत गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने चेसिस प्रिंट काढून दिली. म्हणजे नंबरावर पारदर्शक टेप दाबून बसवायची, वरून पेन्सिल घासायची आणि टेप उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. पूर्वी गाडी नावावर करताना हे लागायचं म्हणे, त्यामुळे त्याचा हात बसलेला. प्रिंट छान आली. शेवटच्या चारांतला पहिला ७, दुसरा ०, तिसरा ३ किंवा ८, चौथ्याच्या जागी खड्डा.

मी कॉमर्सचा असलो तरी एवढं गणित येतं. तिसऱ्याला दोन पर्याय, चौथ्याला दहा, म्हणजे वीस. वीस वेळा टाकून बघायचं, त्यात काय. पण प्रत्येक वेळी खाली ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात आणि आमच्याकडे रेंज येते ती विहिरीच्या कठड्यावर बसल्यावर. डोक्यावर छत्री, मांडीवर प्रिंटचा कागद, एकेक आकडा टाकतोय. सातव्या वेळी ते चक्र जे फिरायला लागलं ते थांबेचना. मग गावातली लाईट गेली आणि टॉवरही गेला.

तेव्हा ओट्यावर धाकटा बसला होता. दोन दिवस माझ्याशी नाही, कोणाशीच बोलला नव्हता. त्याला माहीत होतं ना, गाडी कोणी नेली होती ते. त्याने सांगितलं नव्हतं. मी गाडीखाली तेल लावत होतो तेव्हा चिंधी धरायलासुद्धा आला होता.

टॉवर परत आल्यावर काकांना फोन केला.

"काकानू, गाडयेर मी होतंय."

पलीकडे डोंबिवलीच्या स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येत होती. ती संपेपर्यंत काका काही बोलले नाहीत. मग विचारलं, "लायसन हा मा तुझ्याकडे?" मी हो म्हटलं. त्यांनी सोडलेला श्वास मला स्टेशनच्या गोंगाटातही ऐकू आला. मग मी म्हटलं की पैसे मी भरतो, फक्त चार आकडे द्या. तर म्हणाले, "बापाशीक सांगलंस?"

"नाय."

"मगे आधी थय सांग. आकडे मगे."

आणि फोन ठेवला. वर्षातून आठ दिवस दिसणारा हा माणूस एवढा कडक असेल असं मला वाटलं नव्हतं. थोडा रागच आला. पाचशे रुपये मी देतोय, तरी अट यांची.

बाबा मागच्या दारी सुपाऱ्या निवडत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. दंडाचं ते काहीच बोलले नाहीत, हेल्मेटचंही नाही. "दोन दिवस गप कित्याक रवलंस? त्या पोराक मी काय काय बोललंय," एवढंच म्हणाले आणि पुढची सुपारी उचलली. नंतर खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. माझ्या खिशातून.

रात्री काकांचा मेसेज आला. चार आकडे. माझा तिसराही चुकलेला होता, दुसराही. ज्याला मी शून्य समजत होतो तो ६ होता, वरचं शेपूट गंजलेलं. वीसच्या वीस वेळा टाकले असते तरी उघडलं नसतं.

आणि आता हे वाचून चिडू नका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही विम्याच्या कागदावर छापलेले असतात. जुन्या, संपलेल्या विम्याच्या कागदावरही, कारण गाडी तीच. आमच्याकडे २०२१ चा कागद देवाच्या खोलीतल्या फडताळात, पंचांगाखाली होता. आजीने चौथ्या दिवशी काढून दिला, "ह्यो बघ काय तां" म्हणून. तर आधी कागद शोधा, मग डिझेल.

पैसे भरणं दोन मिनिटांचं होतं. फक्त माझ्या खात्यातून पाचशे गेले आणि साईटवर चलन "प्रलंबित"च राहिलं. असं झालं तर पुन्हा भरू नका. यूपीआयने भरलं असेल तर त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर असतो, म्हणजे पैसे गेल्याची खूण, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मला धीर नव्हता, शिवाय काका रोज विचारत होते, "झाला?" म्हणून एसटीने तालुक्याला गेलो. (किल्ली बाबांकडे.) ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर बसलो, मग एकाने मशीनवर बघून सांगितलं की बाकी दिसतंय, इथे भरून टाक. पोलिसांच्या मशीनवरही भरता येतं, ते खरं आहे. बाजूचा म्हणाला, अरे भरू नको, दोनदा जातील.

मी त्यांना विचारलं की गाडी मी चालवत होतो, तर माझ्या नावावर करता येईल का. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रेशनकार्डावर नाव चढवायला आलोय. एक जण म्हणाला, "अरे, फोटोत गाडी दिसते. तू दिसत नाहीस." जागेवर थांबवून लायसन्स घेतलं असतं तर चलनात माझं नाव आलं असतं, लांबून फोटो काढला की ते मालकाच्या गाडीवर जातं. तक्रार करायची सोय आहे, पण ती चलन चुकीचं असेल तर. चलन बरोबर आहे आणि माणूस दुसरा आहे, असं सांगायला येणारा बहुतेक मीच पहिला. दुसऱ्याने हळूच विचारलं, "कशाला नाव लावून घेतोस? कायद्यात हेल्मेटसाठी तीन महिने लायसन्स जाऊ शकतं." मग मीही फार ताणलं नाही. खरं ते सांगतो.

पैसे भरल्यापासून सहाव्या दिवशी चलन आपोआप "भरले" झालं. कोणी काही केलं नाही. माझं एसटीचं भाडं गेलं तेवढंच.

आणखी एक, मध्येच राहिलं. चलनासाठी कुठेही गाडी घेऊन जाणार असाल तर आधी पीयूसीची तारीख बघा. मशीनवर गाडीचा नंबर टाकला की तेही दिसतं. आमची चार दिवसांपूर्वी संपली होती. किल्ली काढून घेतली म्हणून वाचलो.

पावतीचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, आणि पाठोपाठ पाचशे रुपये. मी परत पाठवले. त्यांनी पुन्हा पाठवले नाहीत, त्यामुळे थोडं वाईटही वाटलं.

धाकट्याशी तडजोड झाली ती अशी. गणपतीपर्यंत गाडी मी धुवायची, खालून, ब्रशने. निळा टी-शर्ट त्याचा. हेल्मेट आता खुंटीवर नसतं. आईने ते चुलीच्या वर, सुक्या बांगड्यांच्या शेजारी टांगलंय. बुरशी गेली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ते काढलं की आजूबाजूची पोरं विचारतात, कोणाच्या घरी जेवण आहे.