पाय तुटलेला के

स्वीडनमध्ये माणूस घर बदलो, घटस्फोट घेवो की वारो, त्याचा संसार हलतो तो सुपरमार्केटातून फुकट आणलेल्या केळ्यांच्या खोक्यांतून. त्या फेब्रुवारीत एक पन्नाशीची बाई तसलेच दोन खोके ढकलगाडीवर घालून आमच्या दारात आली. वडील वारले होते, घर रिकामं करायचं होतं. खोक्यांवर जाड मार्करने लिहिलं होतं : एसकेपी.

"कामाचं काही नसेल तर टाकून दे," ती म्हणाली आणि बर्फात गाडी नीट लावली नाही म्हणून लगबगीने निघून गेली.

उत्तर स्वीडनमधल्या लुलेओतल्या एका छोट्या अभिलेखागारात मी काम करते. कामगार संघटना, दारूबंदी मंडळं, क्रीडा क्लब यांची जुनी दफ्तरं आमच्याकडे येतात. नोंदवहीतला पहिला रकाना असतो : दफ्तर कोणाचं? एरवी तो अर्ध्या मिनिटात भरून होतो. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले, आणि फेब्रुवारीत इथे तीन म्हणजे दिवेलागण जवळ आली.

कारण एसकेपी, म्हणजे 'स्वीडनचा कम्युनिस्ट पक्ष', हे नाव एकापाठोपाठ तीन पक्षांनी वापरलंय. पहिला १९२१ पासूनचा. १९४४ च्या निवडणुकीत त्याला १०.३ टक्के मतं होती. १९६७ मध्ये त्याने नाव बदलून 'वामपक्ष – कम्युनिस्ट' केलं, आद्याक्षरं व्हीपीके. त्याच वर्षी माओवादी तरुणांनी वेगळी चूल मांडली. मोकळं पडलेलं जुनं नाव त्यांनी १९७३ मध्ये उचललं आणि १९८७ मध्ये तेही टाकलं. त्याआधी १९७० मध्ये त्यांच्यातूनही गोथेनबर्गचा गट फुटला होता. त्यांच्या तेव्हाच्या नावापुढे फक्त कंसात 'आर', म्हणजे क्रांतिकारी. लाल निशाण पक्षापुढे कंसातलं 'लेनिनवादी' वाचलेल्या मला त्या कंसाचं नवल वाटलं नाही. तिसऱ्या एसकेपीची कथा मला माहीत होती, पण ती त्या खोक्यात हाताला लागेल असं वाटलं नव्हतं.

वर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या, शे-दीडशे असतील. बहुतेकांवर तारीख आहे, महिना आहे, साल नाही. प्रत्येकीवर जांभळा गोल शिक्का, मधे एसकेपी, आणि मधल्या 'के' या अक्षराचा खालचा पाय तुटलेला. शिक्काही खोक्यातच निघाला, लाकडी मुठीचा. रबर तिथेच उडालेलं. मी मनात म्हटलं, एक शिक्का, एक काळ. जुनी लिपी, जुना कागद, म्हणजे १९६७ च्या आधीचा पक्ष. सगळ्या स्थळप्रती एका धारिकेत घातल्या, क्रमांक टाकले, वर पेन्सिलीने 'पहिला एसकेपी' लिहिलं आणि ऐटीत कॉफीला गेले.

परत येऊन खोक्याच्या तळाचं रोजकीर्द उघडलं. कापडी पाठीचं, जाड, एकाच माणसाच्या हातचं. पहिलं पान १९६४ चं. खजिनदाराचं अक्षर इतकं नेटकं की आमच्या गावच्या पतपेढीतले कारकून आठवले. १९६७ मध्ये वरचं नाव पट्टीने खोडून 'व्हीपीके' लिहिलंय. खाली जमाखर्च तसाच चालू : वर्गणी, कॉफी, सोडतीची तिकिटं, 'नॉरशेन्सफ्लामन' या लुलेओच्याच कम्युनिस्ट दैनिकाची वर्गणी. (१९४० च्या मार्चमध्ये या दैनिकाची इमारत पेटवून दिली गेली होती. पाच जण मेले, त्यात दोन मुलं. कटात लष्करी अधिकारी होते.) सगळ्यात भरगच्च पानं १९६९ च्या डिसेंबरपासूनची. उत्तरेकडच्या लोहखाणींतले जवळजवळ पाच हजार कामगार युनियनला न जुमानता संपावर गेले होते. ओळीमागून ओळ : संपनिधी, ५ क्रोन, संपनिधी, २ क्रोन, एकदा तर नुसतं 'संपनिधी, अंडी'. अंड्यांची किंमत रकान्यात लिहायची की नाही, यावर त्या माणसाने बराच विचार केला असावा. आकडा लिहून खोडलाय.

१९७७ च्या वसंतात पुन्हा पट्टी, पुन्हा नवं नाव : एपीके, 'कामगार पक्ष – कम्युनिस्ट'. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले तेव्हा व्हीपीकेचे अध्यक्ष हर्मान्सन यांनी सोव्हिएत संघाचा निषेध केला होता. मॉस्कोवर श्रद्धा असलेल्यांना तो काटा नऊ वर्षं सलत राहिला. शेवटी ते बाहेर पडले. सतरापैकी दोन खासदार, रोल्फ हागेल आणि आल्फ लोव्हेनबोर्ग, त्यांच्याबरोबर गेले, आणि दैनिकही. मात्र १९७९ च्या निवडणुकीत हातात आली ०.२ टक्के मतं. आमच्या खजिनदाराच्या वहीत त्या टक्केवारीचा उल्लेख नाही. वर्गणीची नावं मात्र पान दर पान कमी होत जातात. शेवटी दोनच उरतात, त्यातलं एक त्याचं स्वतःचं.

मग १९९५. सोव्हिएत संघच उरला नव्हता, दैनिकही पक्षापासून वेगळं झालं होतं. उरलेल्यांनी पक्ष नव्याने बांधला आणि नाव घेतलं एसकेपी. खजिनदाराने तिसऱ्यांदा पट्टी मारली. त्याच पानाला टाचणीने लावलेल्या पावतीवर जांभळा शिक्का होता. पाय तुटलेला के.

म्हणजे या गृहस्थाने जुना शिक्का अठ्ठावीस वर्षं जपून ठेवला होता आणि वेळ येताच बाहेर काढला होता. माझी ऐटीतली धारिका बाद.

"चिल्लर बघ," शेजारच्या टेबलावरून माझी वरिष्ठ म्हणाली. निवृत्तीला दोन महिने उरलेली बाई; मी तिला अगं-तुगं करते, इथे सगळेच करतात, पण मनातल्या मनात मी तिला अजून 'मॅडम'च म्हणते. "रोख भरणा ना? २५ ओरेचं नाणं १९८५ मध्ये बंद झालं." मग बसले शोधत. ४ क्रोन २५ ओरे (ओरे म्हणजे क्रोनचे पैसे), जुनी. १ क्रोन ७५, जुनी. 'रिक्तपुंक्त' या नव्या मुखपत्राची वर्गणी असेल तर नवी. तीसेक पावत्या कुठल्याच बाजूला जाईनात. त्यांच्यावर 'काळ अनिश्चित' लिहिलं.

दुपारी खजिनदाराच्या मुलीला फोन केला, खोक्यांवरचं नाव कोणी घातलं म्हणून. "मीच," ती म्हणाली. "शिक्क्यावर होतं ना!"

पुण्यात पेशवे दफ्तरात मोडी वाचायला बसायचे तेव्हापासून एक शिस्त अंगात आहे : रुमालातला कागद जिथे सापडला तिथेच परत. म्हणून रोजकीर्द मिटताना त्यातून घसरलेलं पाकीट कुठल्या पानात होतं, ते आधी शोधलं. १९७४. टपालाचा शिक्का स्टॉकहोमचा, पत्ता नुसता 'एसकेपी' आणि गावाचं नाव. तेव्हा एसकेपी होते माओवादी. गावात ते कुठे राहतात हे पोस्टमनला ठाऊक नसावं, जुना कम्युनिस्ट मात्र ठाऊक होता. पाकीट फोडलेलंच नव्हतं. कोपऱ्यात पेन्सिलीने, त्याच नेटक्या अक्षरात, दोन शब्द.

"उघडू?" मी विचारलं.

"तुझ्या नावाचं आहे का?" वरिष्ठ म्हणाली.

नोंदवहीत लिहिलं : 'पाकीट, १, न उघडलेलं. वर खजिनदाराच्या हातचा शेरा – आमचं नाही.' आणि ते १९७४ च्या पानात परत ठेवलं.