आप्पांचं पासबुक आणि चार बिलं

जानेवारीत आप्पा माझ्याकडे आले होते ते शेताच्या वाटणीपत्रासाठी. काम झालं, उठले, आणि दारात थांबून विचारलं, भाऊ, माझा गाळा शोरूमसाठी कंपनीला भाड्याने दिलाय, त्याचा करार 31 मार्चला संपतोय, नोटीस द्यावी लागेल का? मी म्हटलं, नाही आप्पा, मुदत ठरलेली आहे, ती संपली की भाडेपट्टा आपोआप संपतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 111 आहे. उत्तर बरोबरच होतं. पण एप्रिलनंतर कंपनी भाडं पाठवत राहिली तर काय करणार, हे मी विचारलं नाही आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

जळगावात गाळ्याची मुदत संपणं काही नवीन नाही, मनपाच्या मार्केटमधल्या गाळ्यांची 2012 ला संपली तेव्हापासून ऐकतोय. पण प्रत्येक भाडेकरूचा कायदा एक नसतो. आप्पांच्या शेजारच्या गाळ्यात कापडवाला आहे, त्याला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, नुसती मुदत संपली म्हणून तो निघत नाही, कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. शोरूमची कंपनी मात्र पेड-अप भांडवल, म्हणजे भागधारकांनी भरलेलं भांडवल, 1 कोटीच्या वर असलेली, तिला कलम 3 प्रमाणे तो कायदा लागूच नाही. पहिल्यांदा हे तपासायचं असतं आणि आमच्यातलेच कितीतरी वकील तपासत नाहीत, जुन्या नोटिशीत नाव बदलून देतात, मला याचा फार राग येतो.

ऑगस्टमध्ये आप्पा मुलाला घेऊन आले. मॅनेजर आज जातो उद्या जातो करत होता आणि आता कंपनीचं पत्र आलं की आम्ही मासिक भाडेकरू आहोत. मी पासबुक मागितलं. एप्रिल, मे, जून, जुलै, चारही महिने पैसे जमा. मी म्हटलं ठीक आहे, पैसे परस्पर खात्यात आले, आपली संमती नव्हती असं मांडता येईल. तेवढ्यात मुलाने पिशवीतून जीएसटीची बिलं काढली. सीएच्या ऑफिसातून दर महिन्याला आपोआप निघणारी, मालक म्हणून आप्पांची सही, आणि वर स्पष्ट, "दुकानभाडे, एप्रिल". अशी चार.

मी किती वेळ बोललोच नाही. मुदत संपल्यावर मालकाने भाडं घेतलं किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने संमती दिली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 116 लागतं, दुकान असेल तर महिन्या-महिन्याची भाडेवहिवाट होते, आणि मग ती संपवायला कलम 106 ची 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. जी नोटीस लागत नाही असं मीच सांगितलं होतं ती आता लागत होती. आप्पा एवढंच म्हणाले, "दुकान मन्हं शे ना भाऊ!" आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी नोटीस बसून लिहिली. करारातला मुंबईचा पत्ता जुना निघाला, सरकारच्या कंपनी खात्याच्या साइटवर रजिस्टर्ड ऑफिस बदललेलं होतं, म्हणून दोन्ही पत्त्यांवर आणि तिसरी दुकानावर पाठवली. मॅनेजरने हातात घ्यायला नकार दिला, म्हणे हेड ऑफिसला द्या. पूर्वी नोटिशीची मुदत महिनाअखेरीलाच संपावी लागायची, एक दिवस चुकला की दावा गेला. 2002 च्या दुरुस्तीपासून नोटीस मिळाल्या दिवसापासून 15 दिवस मोजतात, तेवढा दिलासा. सीएला फोन करून सांगितलं की पुढच्या बिलावर भाडं हा शब्द नको, आणि कंपनीला वेगळं पत्र दिलं की यापुढची रक्कम हक्क राखून, वापराची भरपाई म्हणून घेतली जाईल.

मुंबईची पोच आली त्याला आज नववा दिवस. आप्पा रोज सकाळी फोन करतात, दिवस मोजतात, जानेवारीचं एकदाही काढलं नाही.