बहात्तर तुकड्यांची गोधडी

चूक पहिल्याच दिवशी झाली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात लोकांच्या उत्तरांची एक गोधडी शिवायची म्हणून मी दारोदार विचारत सुटले, "स्वातंत्र्य म्हणजे तुमच्यासाठी काय?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "पंधरा ऑगस्ट. जिलेबी." शाळेतल्या पोरांनी नंदुरबारचा हुतात्मा शिरीषकुमार सांगितला, ९ सप्टेंबर १९४२, तारखेसकट. पारावरच्या एका बाबांनी साने गुरुजींपासून सुरुवात केली. गुरुजी प्रताप हायस्कुलात मास्तर होते, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. ऐकायला छान वाटलं, पण त्यात बाबा स्वतः कुठेच नव्हते.

मग प्रश्न बदलला. "कोणाला न विचारता काय करावंसं वाटतं?" त्यावर शेजारच्या आजी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "कथी चालनी व? आसं कोनी इचाराले नको." कुठे चाललीस गं, असं कोणी विचारायला नको. एवढंच बोलल्या आणि परत शेंगांना लागल्या.

करायची होती गोधडी. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून तिथली सजावट उभी केली होती. ते डोक्यात होतं. आमच्याकडे गावचं सामान म्हणजे जुनी लुगडी, फाटके सदरे, आणि धावदोरा घालणारे हात. ते भाड्याने आणावे लागत नाहीत.

ठरलं असं, की ज्याने त्याने घरातलं जुनं कापड आणायचं, वीतभर चौकोन कापायचा आणि आपलं उत्तर खडूने काढून दोऱ्याने भरायचं. नाव घालायचं नाही. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढायचं. उलट त्यांचेच तुकडे जास्त बोलके निघाले. कापूसवाल्या एका भाऊंनी पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणि त्यावर सूर्य काढला. रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला बॅटरी घेऊन शेतात जावं लागतं, त्याचं ते उत्तर. एका काकूंनी मुलाच्या जुन्या शर्टाचा खिसा उसवून तसाच तुकड्यावर शिवला. "पोलक्याला खिसा नसतो ना ताई," म्हणाल्या. त्या खिशात बोट घालून बघितलं, तर तळाशी पाच रुपयांचं नाणं शिवून टाकलेलं.

दोन महिन्यांत बहात्तर तुकडे झाले. नऊ ओळी, प्रत्येकीत आठ. एक लाल तुकडा न धुताच जोडला आणि त्याचा रंग शेजारच्या तीन तुकड्यांना लागला. रंग जाणारं कापड आधी वेगळं धुऊन घ्यायचं असतं, हे मला आजींनी नंतर सांगितलं. आधी विचारायला हवं होतं.

खरा घोळ वेगळाच झाला. नाव नको म्हटलं, पण कापड कुणाचं ते गावात कोणाला सांगावं लागतं? एका तुकड्यावर एसटी काढली होती, खाली अक्षरं: 'मनात आलं की माहेरी'. शेवाळी साडी, पिवळे बुट्टे. रात्री नऊ वाजता त्या बाईंचा नवरा दारात. ओरडला नाही. म्हणाला, "ताई, तेवढा तुकडा काढा. लोक मला हसतात." मी कात्री घेऊन बसलेच होते. उसवणं सोपं होतं, आणि खरं सांगते, मला भांडण नको होतं.

सकाळी त्याच बाई आल्या. कात्री बाजूला ठेवली, तुकड्याचे टाके स्वतः उसवले, तो उलटा केला आणि परत शिवला. अक्षरं आत, दोऱ्याच्या गाठी वर. "आता त्यांना सांगा, काढला," म्हणाल्या.

पंधरा ऑगस्टला गोधडी देवळाच्या ओट्यावर टांगली. भिजलेल्या घोंगडीसारखी जड, दोन बांबू कमी पडले, तिसरा आणावा लागला. बघायला आलेल्या बायांनी खिशाचं कौतुक केलं, स्टार्टरवर हसल्या. उलट्या तुकड्याशी मात्र प्रत्येक जण थांबायची, खालची कड उचलायची, वाकून आत वाचायची आणि काही न बोलता पुढे जायची. संध्याकाळपर्यंत त्या कडेचा दोरा निघाला. आजी सुई घेऊन बसल्या तर त्या बाईंनीच त्यांचा हात धरला. म्हणाल्या, राहू द्या तसंच.