नहलाल ते हायफा: हन्नाबीच्या वाटेवर

उत्तर इस्रायलमधल्या नहलालच्या दफनभूमीत बाहेरून आलेली माणसं आधी सेनापती मोशे दायानची कबर कुठे ते विचारतात. आम्ही रामोन बापलेकांची विचारली. टेकडीवर दोघं शेजारी शेजारी आहेत. वडील इलान, इस्रायलचे पहिले अंतराळवीर, 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यानाबरोबर गेले. आपली कल्पना चावला त्याच यानात होती. थोरला मुलगा असाफ हवाई दलात लेफ्टनंट होता. 13 सप्टेंबर 2009 ला सरावाच्या उड्डाणात हेब्रोनच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत त्याचं एफ-16 कोसळलं. वय एकवीस.

आमची वारी इथून निघणार होती. पोचायचं होतं हायफाला, कार्मेल डोंगराच्या कुशीतल्या एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या गुहेत, आणि तिथे मलिदा करायचा, म्हणजे नवसाचं गोड पोह्यांचं ताट मांडायचं. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. कोकणात आमच्या नवसाला पावतो तो हन्नाबी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. स्वर्गाला जाताना रथ तिथे टेकला, अशी आमची श्रद्धा. लग्न ठरू दे, मूल होऊ दे, परगावी गेलेला सुखरूप परत येऊ दे, की बोलला मलिदा! इस्रायलला आलो तेव्हा खंडाळा मागे राहिलं आणि ही गुहा मिळाली. रामला, लोद, दिमोना, सगळीकडून आमची माणसं बस करून येतात. पायी मात्र कुणी येत नाही. ते खूळ माझं. माहेर रास्ता पेठेतलं. नाना पेठेत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडला की आई आम्हाला घेऊन जायची आणि वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायची. शाबाथ पाळणारी बाई, पण पायी चालत आलेल्या माणसाला हात जोडायची. तेच माझ्यात उतरलं असावं.

नवस मुलाचा. तो एकुलता एक. इथल्या नियमाने एकुलत्या एका मुलाला लढाऊ तुकडीत जायचं असेल तर आईवडिलांची सही लागते. ज्या घरातल्या माणसाचा सैन्यात असताना जीव गेलाय, त्या घरच्या मुलालाही तोच नियम. ह्यांनी लगेच सही केली. मी कागद आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली ठेवला. मुलगा येता-जाता बघायचा, बोलायचा काही नाही. शेवटी एका शुक्रवारी मासळी साफ करता करता हात पुसले आणि सही करून टाकली.

असाफची बातमी आली तेव्हा माझा मुलगा गोलानीत, म्हणजे पायदळाच्या लढाऊ ब्रिगेडमध्ये होता. बाप गेला तेव्हा असाफला पंधरावंही पुरं झालं नव्हतं. तरी तीन वर्षांचा वैमानिकाचा अभ्यासक्रम त्याने केला, आणि जून 2009 मध्ये हात्झेरीमच्या तळावर पंख मिळाले तेव्हा तो अख्ख्या तुकडीत पहिला होता. टीव्हीवर पाहिलं होतं मी, हसताना थेट बापावर गेलेला. वडील 1981 मध्ये इराकच्या अणुभट्टीवर गेलेल्या आठ वैमानिकांतले सगळ्यांत तरुण. त्याच जातीचं विमान मुलाला मिळालं आणि तीन महिन्यांत सगळं संपलं. जोराच्या वळणात शरीरावर येणाऱ्या भारामुळे शुद्ध हरपली असावी, असं पुढे सांगण्यात आलं. लढाई नाही, शत्रू नाही, रविवारचा सराव. त्या रात्री मी मलिदा बोलले.

मुलगा सुखरूप सुटला, नोकरीला लागला, लग्न झालं. नवस तसाच राहिला. वन्सं दरवर्षी आठवण करायच्या, "हन्नाबीचं देणं ठेवू नये गं." पण गुहेत जाऊन ताट मांडायचं म्हटलं की मला रोना रामोन दिसायच्या. असाफची आई. तिच्यापुढे मी कुठल्या तोंडाने पेढे वाटणार, असं वाटायचं. ही बाई मुलगा गेल्यावर घरात बसली नाही. दोघांच्या नावाने संस्था काढली, शाळांतल्या मुलांमध्ये काम केलं. डिसेंबर 2018 मध्ये कर्करोगाने गेली. जाताना सांगून गेली, मला पुरू नका, दहन करा. घरच्यांना पुन्हा एकदा दफनविधीला उभं राहायला लागू नये म्हणून. आमच्यात दहन नाही. धर्माची माणसं काय म्हणायची ती म्हणोत. मी ती बातमी वाचली आणि ठरवलं, नवस फेडायचा, पण आधी नहलाल.

म्हणून 2019 चा एलूल, आमच्या ज्यू पंचांगातला महिना. असाफची तिथी 24 एलूल. त्या दिवशी त्यांच्या घरची माणसं असणार, आपण मध्ये कशाला, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने आम्हाला गाडीने आणून सोडलं. मी, वन्सं, ह्यांचे काका आणि दिमोन्याचं एक जोडपं. कबरींवर फुलं वाहत नाहीत इथे, खडा ठेवतात. काकांनी खिशातून दोन काळे गुळगुळीत खडे काढले. कुठले म्हणून विचारलं तर म्हणाले, "नवगावचे." गेल्या खेपेला कोकणातून आणलेले. आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले ते नवगाव. एक खडा बापाला, एक लेकाला. काकांनी हशकाबा, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली आणि आम्ही निघालो.

नहलाल गोल वसलेलं आहे. 1921 चं गाव, मध्ये शाळा आणि सार्वजनिक इमारती, भोवती घरं, त्यामागे पसरत गेलेली शेतं. त्या वर्तुळातून बाहेर पडून इझ्रेएलच्या खोऱ्यातून योकनेआमकडे चाललो. कापसाची शेतं, तापलेली काळी माती, ठिबकच्या नळ्या. नगर-सोलापूरकडचा माणूस आणून सोडला तर तासभर त्याला कळायचं नाही की देश बदलला. रामत दाविदचा हवाई तळ अगदी लगत. डोक्यावरून विमानांची जोडी गेली की बोलणं तोडावं लागायचं. वन्सं प्रत्येक वेळी वर बघून पुटपुटायच्या. चौथ्या-पाचव्या वेळी कान देऊन ऐकलं. "नीट उतरा रे बाळांनो," एवढंच.

किशोन नदी म्हणजे सप्टेंबरात ओहोळ. याच काठावर हन्नाबीने बआल या परक्या देवाच्या पुजाऱ्यांना ठार केलं असं बायबलातल्या राजांच्या ग्रंथात आहे. आम्ही तिच्यावरच्या पुलावर बसून थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. योकनेआममध्ये खांबाखांबांवर निवडणुकीचे फलक. वर्षातली दुसरी निवडणूक आठवड्यापूर्वीच झाली होती आणि निकाल कुणालाच कळत नव्हता. काकांनी त्यावर जे भाषण दिलं ते इथे लिहीत नाही.

मुहराकाचा चढ मात्र जीव काढतो. उंची पाचशे मीटरच्या आत, सिंहगड चढलेल्याला हसू येईल. पण ऊन उभं आणि वाट दगडांची. दिमोन्याच्या बाईंच्या चपलेचा पट्टा गेला, तो ओढणीच्या काठाने बांधला. वर कार्मेलाइट साधूंचा मठ, अंगणात हन्नाबीचा पुतळा, तलवार उगारलेला, पायाखाली बआलचा पुजारी. आम्हाला मूर्तीचं वावडं, म्हणून काका तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. गच्चीवर गेलो तर सकाळपासून चाललेलं सगळं खोरं खाली उघडं. नहलालचं वर्तुळ, तळाच्या धावपट्ट्या, पलीकडे नाझरेथचे डोंगर.

इथेच हन्नाबीच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला. काकांना भरून आलं. म्हणाले, "बघ, हन्नाबी अग्निरथातून वर गेला, हे बापलेकही अग्नीतून वर गेले. देव आपली माणसं अशीच नेतो." असं बोलणारे इथे पुष्कळ भेटतात. त्यांच्या भावनेला मी नाव ठेवत नाही, पण मला ते सोसत नाही. हन्नाबी गेला तो आपलं काम पुरं करून. मागे त्याचा झगा उचलायला त्याचा शिष्य अलीशा होता. एकवीस वर्षांच्या पोराला रथ कशाला हवा? त्याला शुक्रवारी घरी जायचं असतं, कपड्यांची पिशवी आईपुढे टाकायची असते, दुपारपर्यंत झोपायचं असतं. मी एवढंच म्हटलं, "काका, पोरगा होता तो." काका गप्प झाले. उतरताना माझी पिशवी त्यांनी घेतली.

मुक्काम दालियत अल-कार्मेलला, द्रूझ या अरबी बोलणाऱ्या वेगळ्या पंथाच्या लोकांच्या गावात. 1956 पासून द्रूझ पोरांनाही सैन्यात जाणं सक्तीचं आहे. सैन्यात प्राण गेलेल्या जवानांचं गावात स्मृतिघर आहे, ऑलिफंट नावाच्या इंग्रजाच्या जुन्या घरात. ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंनी पातळ रोट्या, लबने (दह्याचा चक्का) आणि वेलची घातलेली कॉफी दिली. कुठे चाललात विचारलं. गुहेचं नाव घेतल्यावर त्यांनी छातीला हात लावला. त्यांच्याही लेखी तो मोठा. त्यांच्यात त्याचं नाव अल-खद्र.

दुसरा दिवस पाय ओढण्याचा. इस्फिया, मग डोंगराच्या धारेवरून हमरस्त्याच्या कडेकडेने हायफा. विद्यापीठाचा मनोरा तासन् तास समोर दिसत राहतो, जवळ काही येत नाही. स्टेला मारिसपासून पायऱ्यांची वाट खाली उतरते, समोर समुद्र. गुडघे बोलायला लागले होते. वन्सं शेवटच्या पायऱ्या उलट्या उतरल्या, उपयोग होतो म्हणे.

गुहेत बायकांची बाजू वेगळी. मेणबत्त्या, कुणाची रडारड, कुणाची आजारी लेक मांडीवर. आम्ही बाहेर सावलीत ताट मांडलं. पोहे रामल्याच्या आपल्या दुकानातले, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची, जायफळ, बदाम, मनुका. पाच फळं, आणि वासाच्या बेराखेसाठी (आशीर्वचनासाठी) सब्जाची डहाळी, भाच्याच्या बायकोने कुंडीतून खुडून ओल्या फडक्यात दिलेली. काकांनी विचारलं, "नावं कुणाची घ्यायची?" मी मुलाचं सांगितलं, आणि म्हटलं, असाफ बेन इलानचंही घ्या, रोनाबाईंचंही. काका अडले. त्यांच्या मते नवसाचं ताट आनंदाचं, त्यात गेलेल्यांची नावं मिसळू नयेत. मीही हटेना. दिमोन्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वन्संनी पिशवीतून दुसरं ताट काढलं, अर्धे पोहे त्यात ओतले, फळं वाटून ठेवली आणि म्हणाल्या, "भांडत बसा तुम्ही, सूर्य मावळेल."

मग दोन्ही झालं. आधी हशकाबा, मग बेराखा, मग हन्नाबीचं गाणं. गाणं ऐकून जवळच्या नौदलाच्या तळावरची तीन-चार पोरं येऊन उभी राहिली. त्यांतला एक विचारतो, हे गोड आहे का? दुसरं ताट त्यांच्यापुढे केलं, ते बघता बघता संपलं. काका म्हणाले, गूळ कमी पडलाय.